नागपूरचा जॉन स्मिथ

१९३८ सालच्या एप्रिल महिन्याच्या आरंभी स्पेन देशात, गांदेसा नावाच्या गावाजवळ, जनरल फ्रँकोच्या सैन्याने शत्रूकडचे जे शिपाई कैद केले त्यांत जॉन स्मिथ नावाचा एक इसम होता. नाव असे की, इंग्लंडात दर गल्लीला एक तरी सापडावा. पलटणही इंग्रजांचीच. माणूस मात्र इंग्रज नव्हता. त्याची मायबोली मराठी, राहणार नागपूर, आणि खरे नाव गोपाळ मुकुंद हुद्दार. स्नेहीमंडळी त्यांना बाळाजी म्हणत.

एवढ्यावरच वाचकांनी आश्चर्य करून संपवू नये. थोडे पुढच्यासाठी राखून ठेवावे. कारण अवघ्या नऊ वर्षांपूर्वी, १९२९ च्या नोव्हेंबरात, नागपूरला राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या कार्यकर्त्यांची जी बैठक झाली, तीत डॉ. केशव बळिराम हेडगेवार हे सरसंघचालक ठरले आणि सरकार्यवाह म्हणून ज्यांची नेमणूक झाली ते हेच बाळाजी हुद्दार. म्हणजे संघाचे पहिले सरकार्यवाह! तेच गृहस्थ नऊ वर्षांनी कम्युनिस्टांनी उभारलेल्या पलटणीत, खोट्या नावाने, मुसोलिनीच्या इटालियन फौजांसमोर बंदूक घेऊन उभे राहतात, ही गोष्ट कादंबरीकाराने रचली असती तर संपादकांनी ती साभार परत केली असती.

मी राहतो रत्नागिरीजवळच्या पालीला. मुंबई-गोवा रस्त्यावर हातखंबा ओलांडला की लागते ते आमचे पाली. अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचे पाली ते वेगळे, ते रायगडात. आमच्याकडे अष्टविनायक नाही, पण रस्ता आहे. मिऱ्या बंदरावरून निघालेला नागपूरचा हमरस्ता आमच्या गावावरून नाणीज, साखरप्याकडे वळतो आणि आंबा घाट चढतो. नागपूरचे नाव आम्हाला त्या निळ्या-हिरव्या पाट्यांवर रोज दिसते. तेव्हा नागपूरकर माणसाविषयी पालीकराने लिहावे यात फारसे वावगे नाही.

परंतु मला हुद्दारांविषयी लिहावेसे वाटले त्याचे कारण पाटी नव्हे. आमचा हा मुलूख शिपाईगड्यांचा. जांभ्या दगडाच्या कातळावर वरी-नाचणी पिकते ती किती, आणि खाणारी तोंडे किती! मग घरातला एक मुलगा मुंबईला गिरणीत आणि एक पलटणीत, असा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालला. पोस्टमनच्या पिशवीतली मनिऑर्डर हेच आमचे दुसरे पीक. पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी मेसोपोटेमियात कूट-अल-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, भुकेने हैराण होऊन तिथल्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली. घोड्याचे मांस खायचे की धर्म राखायचा, हा प्रश्न त्या शिबंदीतल्या आमच्या लोकांना शेवटच्या आठवड्यांपर्यंत पडलेला होता. कैदेत गेलेल्यांतले पुष्कळ परत आलेच नाहीत.

माझे शेजारी मराठा पलटणीतले निवृत्त सुभेदार. त्यांचे आजोबा त्याच मेसोपोटेमियाच्या स्वारीत होते. संध्याकाळी ते आमच्या पडवीत येऊन बसतात, आणि मी जे वाचले असेल ते त्यांना सांगतो. हुद्दारांची गोष्ट मी त्यांना सांगितली, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न अगदी रोखठोक होता.

"मास्तर, पगार किती होता ओ?"

"दिवसाला दहा पेसेता. म्हणजे स्पेनच्या साध्या शिपायाला होता तेवढाच."

"आणि पेन्शन?"

"पेन्शन नाही. उलट परत गेल्यावर स्वतःच्याच सरकारने खटला भरण्याची धास्ती."

"मग गेले कशाला?"

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी स्पेनचे थोडे सांगितले पाहिजे. १९३१ मध्ये त्या देशात राजा गेला आणि प्रजासत्ताक आले. १९३६ च्या फेब्रुवारीत निवडणूक होऊन उदारमतवादी, समाजवादी, कम्युनिस्ट अशा पक्षांची आघाडी निवडून आली. जमीनदार, धर्मसंस्था आणि सेनाधिकारी यांना ते सोसले नाही. १७ जुलै १९३६ रोजी मोरोक्कोतल्या स्पॅनिश सैन्याने बंड केले आणि लवकरच त्या बंडाचे पुढारीपण जनरल फ्रँकोकडे आले. हिटलरने विमाने धाडली. मुसोलिनीने तर हजारोंनी सैन्यच धाडले. इंग्लंड-फ्रान्सने 'आपण यात पडायचे नाही' असा करार पुढे केला. जर्मनी आणि इटली यांनीही त्यावर सह्या केल्या आणि एका हाताने सही करून दुसऱ्या हाताने बाँब पाठवणे चालू ठेवले. सरकारपक्षाला शस्त्रे मिळाली ती मुख्यतः रशियाकडून, रोख सोने मोजून. २६ एप्रिल १९३७ रोजी गेर्निका या बास्क गावावर जर्मन विमानांनी आग ओतली. पिकासोने त्या गावाचे नाव चित्राला दिले म्हणून जग ते अजून विसरलेले नाही.

सरकारपक्ष म्हणजे धुतल्या तांदळासारखा होता असे मात्र कोणी समजू नये. त्यांच्या मुलखात हजारो पाद्री मारले गेले, आणि १९३७ च्या मे महिन्यात बार्सेलोनाच्या रस्त्यांवर डाव्या पक्षांनी एकमेकांवरच गोळ्या झाडल्या. यादवीत कोणाचेच हात स्वच्छ राहत नाहीत. महाभारत वाचलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

या युद्धासाठी देशोदेशींहून माणसे आपण होऊन आली. पन्नासावर देशांतून सुमारे ३५,००० माणसे! त्यांत इंग्लंड-आयर्लंडचे अडीच हजार. खाणकामगार, गोदीतले हमाल, बेकार तरुण, शिंपी, कवी, विद्यार्थी. त्यांच्यापैकी पाचशेहून अधिक तिथेच मातीत गेले. त्यांच्या तुकड्यांना आंतरराष्ट्रीय ब्रिगेड म्हणत. पंधराव्या ब्रिगेडमधल्या इंग्रजी पलटणीला अधिकृत नाव दिले होते ते ऐकून मुंबईकरांनी कान टवकारावेत. ते होते 'सकलातवाला बटालियन'. शापुरजी सकलातवाला हे मुंबईत जन्मलेले पारशी, जमशेटजी टाटांचे सख्खे भाचे. मामाने पोलादाचा कारखाना काढला आणि भाचा लंडनच्या बॅटरसी भागातून कम्युनिस्ट म्हणून पार्लमेंटात निवडून गेला. ते १९३६ च्या जानेवारीत वारले, म्हणजे हे युद्ध त्यांनी पाहिलेच नाही. हे नाव काही पलटणीच्या अंगवळणी पडले नाही. शिपाई आपले 'ब्रिटिश बटालियन' असेच म्हणत राहिले. पण कागदावर का होईना, टाटांच्या भाच्याच्या नावाची पलटण फ्रँकोविरुद्ध लढली.

या पलटणीची पहिली लढाई हारामा नदीच्या खोऱ्यात, १२ फेब्रुवारी १९३७ ला झाली. सकाळी सहाशे माणसे टेकडीवर चढली आणि संध्याकाळी धडधाकट उरली ती सव्वादोनशेच्या आसपास. मशीनगनसाठी आलेल्या गोळ्या भलत्याच मापाच्या निघाल्या होत्या. ही हकीगत सांगताच सुभेदारांनी कपाळाला हात लावला. "चौकशी झाली की नाही?" ते म्हणाले. त्यांच्या शिस्तीत हे बसणे शक्य नव्हते.

आता हुद्दारांकडे वळू. त्यांचा मार्ग सरळ कधीच नव्हता. नागपुरात ते हेडगेवारांच्या अगदी जवळच्या वर्तुळातले. हेडगेवार स्वतः कलकत्त्यास असताना क्रांतिकारकांच्या सहवासात राहिलेले, १९२५ मध्ये रत्नागिरीस स्थानबद्ध असलेल्या सावरकरांना भेटून गेलेले. पण संघ काढल्यावर त्यांनी धीमेपणाचा मार्ग पत्करला होता. हुद्दारांचा पिंड तसा नसावा. १९३१ साली बालाघाटच्या राजकीय दरोड्याच्या प्रकरणात त्यांना अटक झाली. शस्त्रांसाठी पैसा उभा करायचा, हा क्रांतिकारकांचा नेहमीचा बेत. शिक्षा होऊन काही वर्षे तुरुंगात काढल्यावर ते सुटले आणि पत्रकारितेचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला गेले.

त्या वेळचे लंडन म्हणजे हिंदी तरुणांना चक्रावून सोडणारे शहर. कृष्ण मेनन इंडिया लीगची सभा भरवीत आहेत, मुल्कराज आनंद स्पेनला जाऊन आले आहेत, कोपऱ्याकोपऱ्यावर स्पेनसाठी दुधाचे डबे गोळा होत आहेत. तुरुंगातून आलेल्या, साम्राज्याला वैरी मानणाऱ्या आणि हातावर हात ठेवून बसणे न जमणाऱ्या या नागपूरकराला तिथे नवे विचार भेटले. १९३७ च्या ऑक्टोबरात जॉन स्मिथ हे नाव धारण करून ते स्पेनमध्ये दाखल झाले.

खोट्या नावाची गरज होतीच. १९३७ च्या जानेवारीत ब्रिटिश सरकारने १८७० चा जुना कायदा धुंडाळून काढला आणि स्पेनमध्ये जाऊन लढणे हा गुन्हा ठरवला. लोकांनी वाट काढली ती मोठी मजेशीर. लंडनहून पॅरिसला शनिवार-रविवारच्या सहलीचे तिकीट मिळे आणि त्याला पासपोर्ट लागत नसे. शेकडो कामगार 'सहलीला' निघाले. पॅरिसहून आगगाडीने दक्षिणेस, आणि मग रात्रीच्या अंधारात, वाटाड्यामागे एकामागून एक, दोरखंडाच्या तळव्याचे चप्पल घालून पिरेनीज पर्वत चढायचा. बोलायचे नाही, विडी पेटवायची नाही. पहाटे खाली स्पेन दिसे. सीमा बंद झाल्यावर बहुतेक स्वयंसेवक याच वाटेने गेले.

'स्वयंसेवक' हा शब्द मी वर सहज वापरला आणि मग माझाच हात थबकला. इंग्रजीत या लोकांना जो शब्द आहे त्याला मराठीत दुसरा प्रतिशब्दच नाही. हुद्दार नागपुरात स्वयंसेवक होते आणि अरागॉनच्या डोंगरातही स्वयंसेवकच होते. शब्द एक, गणवेश दोन! डॉ. मुंजे १९३१ च्या मार्चमध्ये रोमला जाऊन मुसोलिनीला भेटून आले होते, तिथल्या तरुणांच्या लष्करी शिक्षणाने ते प्रभावित झाले होते, आणि त्या काळी मराठी वर्तमानपत्रांतूनही इटलीच्या शिस्तीची वाखाणणी छापून येत होती. त्याच इटलीच्या रणगाड्यांसमोर नागपूरचा एक माणूस उभा राहिला.

९ मार्च १९३८ रोजी फ्रँकोने अरागॉनच्या आघाडीवर मोठी मुसंडी मारली. सरकारी सैन्याची फळी फुटली आणि सुरू झाली ती माघार. दिवसा विमाने, रात्री चाल, पोटात अन्न नाही, पुढे कोण आणि मागे कोण याचा पत्ता नाही. ३१ मार्चला कालासेइते गावाबाहेर ब्रिटिश पलटण वाटेने चाललेली असताना वळणावरून रणगाडे आले. आपलेच असतील असे समजून लोक बाजूला झाले. ते इटालियन निघाले! त्या एका सकाळी शंभरावर माणसे कैद झाली आणि तितकीच मेली किंवा जखमी झाली. उरलेले गांदेसाकडे सरकले, एब्रो नदीचा पूल गाठण्यासाठी. हुद्दार पकडले गेले ते या धामधुमीत, एप्रिलच्या पहिल्या दिवसांत.

कैद्यांना ठेवले बुर्गोस शहराजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात. एल सिद हा स्पेनचा मध्ययुगीन वीर, पोवाड्यांतून गाइला गेलेला. त्याची समाधी पूर्वी याच मठात होती. त्या पवित्र जागेत आता सहा-सातशे परदेशी कैदी कोंबले होते. पाण्याला नळ जवळजवळ नाहीच, अंगभर उवा, जेवणात घेवड्याचे पाणी, आणि पहारेकऱ्यांच्या हातात सोटे. रोज रांगेत उभे राहून फॅसिस्ट पद्धतीने हात उंचावायचा आणि फ्रँकोचा जयजयकार करायचा. कैदी तो अशा काही उच्चारात करीत की पहारेकऱ्यांनी दात-ओठ खावेत. जर्मन गुप्त पोलीस येऊन कैद्यांची डोकी-नाके मापून गेले. फ्रँकोच्या एका लष्करी मानसतज्ज्ञाने तर मार्क्सवाद हा जन्मजात मानसिक दोष आहे का, याचा शोध या कैद्यांवर चालवला. नागपूरच्या माणसाच्या कवटीचे माप घेऊन त्यांनी काय निष्कर्ष काढला असता, याचे मला कुतूहल आहे.

आणि तरी त्या नरकात माणसांनी शाळा काढली. भाषा, गणित, इतिहास, बुद्धिबळ यांचे वर्ग भरत. ज्याला जे येई ते त्याने शिकवायचे. पावाच्या गोळ्यांची प्यादी-वजीर तयार झाले. हाताने लिहिलेले एक छोटे वर्तमानपत्र कैदी चोरून काढीत. त्याच सुमारास, १९३८ च्या जूनमध्ये, पंडित नेहरू कृष्ण मेननांबरोबर बार्सेलोनाला आले होते आणि आंतरराष्ट्रीय ब्रिगेडच्या शिपायांना भेटून गेले. त्याच ब्रिगेडमध्ये लढलेला एक नागपूरकर तेव्हा फ्रँकोच्या कोठडीत होता.

१९३८ च्या अखेरीस हुद्दार सुटले. लंडनला त्यांचे स्वागत झाले, मग ते मायदेशी परतले आणि सभांतून स्पेनची हकीगत सांगू लागले. हेडगेवारांशी त्यांचे मन तुटले नव्हते. १९३९ मध्ये सुभाषबाबूंना हेडगेवारांची भेट हवी होती, तेव्हा मध्यस्थ म्हणून देवळालीला गेले ते हुद्दारच. ही हकीगत त्यांनी पुढे १९७९ मध्ये एका इंग्रजी साप्ताहिकात स्वतः लिहिली. प्रकृतीचे कारण सांगून हेडगेवारांनी भेट नाकारली, असे त्यांनी त्यात नमूद केले आहे. त्यानंतर त्यांची वाट संघापासून कायमची वेगळी झाली आणि ते कम्युनिस्ट पक्षात गेले.

आजकाल हुद्दारांचे नाव निघाले की एक पक्ष दुसऱ्याला चिमटा काढण्यासाठी ते काढतो, आणि दुसरा पक्ष तो विषय झटकून टाकतो. मला दोन्हीत रस नाही. मला कुतूहल आहे ते माणसाचे. माझा तर्क असा की त्यांच्या लेखी त्यांनी बाजू बदललीच नव्हती. बालाघाटला ते ज्या तिडिकेने गेले तीच तिडीक त्यांना पिरेनीजपार घेऊन गेली. बदलले ते एवढेच की, शत्रू कोण याचा त्यांचा हिशेब मोठा झाला. गुलाम देशातल्या माणसाने दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी मरायला जावे हे व्यवहाराला धरून नाही, हे खरे. पण साम्राज्याखाली राहिलेल्या माणसाला बंदुकीच्या जोरावर सरकार उलथणारा सेनापती चटकन ओळखू येत असला पाहिजे.

सुभेदारांना हा तर्क अर्धाच पटला. पण मी त्यांना फ्रँकोच्या मूर शिपायांविषयी सांगितले तेव्हा ते सरसावून बसले. बंडखोरांच्या बाजूने मोरोक्कोचे सत्तर-ऐंशी हजार शिपाई लढले. स्पेनने त्यांचा मुलूख दाबलेला, आणि तेच स्पेनच्या सेनापतीसाठी आघाडीला! रिफच्या डोंगरात दुष्काळ पडला होता. भरती होणाऱ्याला आगाऊ पगार, साखर, तेलाचा डबा, आणि मुलांच्या संख्येप्रमाणे घरी रोजचा पाव. हे ऐकताना सुभेदारांचा चेहरा बदलला. हुद्दार त्यांना दूरचे वाटत होते. हे मूर मात्र घरचे निघाले. त्यांचे आजोबा बसऱ्याला उतरले तेही याच हिशेबाने.

अशा दोन तऱ्हेची माणसे एकमेकांसमोर खंदकात बसली होती. एकीकडे पोटासाठी आलेला डोंगरातला शेतकरी, दुसरीकडे पोटाचा विचार न करता आलेला नागपूरचा पदवीधर. दोघेही परक्या सत्तेचे प्रजाजन, आणि दोघांचेही ते युद्ध नव्हते. गोळी सुटली की कोण कशासाठी आला हे कोणी विचारीत नाही.

१ एप्रिल १९३९ ला फ्रँकोने विजय जाहीर केला आणि १९७५ मध्ये मरेपर्यंत राज्य केले. १९९६ मध्ये स्पेनच्या संसदेने ब्रिगेडच्या हयात शिपायांना नागरिकत्व देऊ केले. साठ वर्षांनी आलेले ते निमंत्रण स्वीकारायला फार थोडे उरले होते.

"आणि त्या मूर लोकांचं काय झालं?" सुभेदारांनी विचारले.

त्यांना पेन्शन मिळाली, पण स्पॅनिश शिपायाच्या मानाने अगदीच तुटपुंजी, असे मी सांगितले.

"मिळाली ना? मग ठीक," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "पण तुमच्या त्या नागपूरवाल्यांचं नाव कुठल्या दगडावर कोरलंय का ओ, मास्तर?"